राशीच्या बुडाला हात

त्या दिवशी राशीपाशी कोन कोन हुतं ते आधी सांगते. माझी सासू हुती. माझी थोरली जाऊ आन तिची पोरगी. मी. आमच्याच गावचा मुकादम. आन कोळशावर चालनाऱ्या मोटारीचा डायवर, त्याला समदी चाचा म्हनायची. एवढीच मानसं. त्यातली आता मी हाये, आन ती पोरगी असंल तर असंल. मी बोलते, नातसून लिवून घेती.

मोठी लढाई चालू हुती. पेट्रोल मिळंना झालं तवा सर्विसच्या, मानसं नेनाऱ्या मोटारींना मागं लोखंडाचं उभं पिंप बसवलं. त्यात लाकडाचा कोळसा पेटवायचा, त्याच्या गॅसवर मोटार चालायची. कोळसा ढेकळाएवढा असला तर पिंपात नीट जळंना, आन भुगा असला तर नळी तुंबायची, मोटार घाटात मधीच बसायची. सुपारीएवढा कोळसा लागायचा. म्हनून लोणावळ्याच्या अलीकडं सडकेला एक शेड टाकलेली. तितं गिरनीत कोळसा भरडायचा आन आमी बायांनी चाळायचा.

चाळनी दोन. वरची मोठ्या भोकाची, तिच्यावर ऱ्हाईल ते परत गिरनीत. खालची बारीक भोकाची, तिच्यातनं पडंल तो भुगा. मधी ऱ्हाईल तो माल. ऐकाया सोपं हाये. पन भरडलेला कोळसा सुपारीवानी गोल थोडाच निघतो, काडीवानी लांब कपच्या बी निघत्यात. चाळन आदळली की कपची उभी ऱ्हाती, भोकातनं खाली जाती, आन चांगला माल भुग्यात पडतो. थोरली चाळन आदळायची न्हाई. जात्यावानी गोल फिरवायची, कपच्या आडव्याच ऱ्हायच्या. मला तिनंच शिकवलं. "धाकटे, भांडल्यागत चाळू नगं," म्हनायची. "पोर निजवल्यागत चाळ."

काळं नाकात, घशात, भाकरीत. थुंकलं तरी काळंच. त्याचं पुढं काय वाटंना झालं.

थोरलीचा नवरा लढाईत गेलेला, खेचरांच्या पलटनीत. त्याचं काय कळलं न्हवतं. घरात खानारी तोंडं लय, भात थोडं. सासूनं तिला एकदाच सांगितलेलं, "शेडवर हात चालतोय तवर घरात ताट हाये. मग माहेर." सासू वाईट न्हवती. हुतं त्यात वाटे घालत हुती. पन थोरलीचं माहेर बेडश्याच्या अंगाला, तितं भावाचंच भागंना. शेडवरचं काम गेलं की तिचं घर गेलं, पोरीचं बी गेलं. हे आमाला समद्यांना ठाऊक हुतं, म्हनून कुनी बोलत न्हवतं.

दिस कलला की जिनं तिनं आपल्या मालाची रास घालायची, आन तिचा नमुना निघायचा. सासूला चाळन पेलत न्हवती, म्हनून नमुन्याचं काम तिच्याकडं. राशीतनं पायलीभर कोळसा घ्यायचा, परत बारीक चाळनीवर धरायचा, खाली पडंल तो भुगा चिपट्यानं, त्या बारक्या मापानं, मोजायचा. पायलीमागं चिपटंभर भुगा चालायचा. चिपट्याला शीग आली, भुगा काठाच्या वर चढला, की रास फेल.

आता आमची रीत सांगते. खळ्यावर भाताची रास पडली की तिच्या बुडाला हात लावत न्हाईत. लावला तर बरकत जाती. घ्यायचं ते शेंड्याचं, उजव्या हातानं, न बोलता. सासूनं जलमभर तसंच केलेलं, कोळशाला बी तिनं तीच रीत लावली. मुकादमाला वावगं वाटलं न्हाई. त्याच्या खळ्यावर बी तेच.

आमच्या बाकीच्यांच्या राशी बसक्या. घमेलं उलटं केलं की झालं. थोरली तसं करायची न्हाई. एकाच जागी, हळूहळू वतायची, देवळाच्या शिखरावानी रास उभी करायची. बघाया लय चांगली दिसायची. तिच्याच राशी फेल जायाला लागल्या. दोन झाल्या तवा मुकादमानं सांगितलं, "अजून एक गेली तर वहिनी, मला बोल लावू नका. मला बी वरनं ईचारत्यात."

मग तो दिवस. थोरलीनं सकाळपासनं समदा माल दोनदा चाळला. दुपारची भाकरी तशीच फडक्यात. सांजच्याला रास घातली, उभी, टोकदार, आन पोरीला जवळ घिऊन बसली. चाचाची मोटार सडकेला उभी हुती, कोळशासाठी.

"काय मावशी," चाचा सासूला म्हनला, "आज तरी देव पावतो का? माझी म्हातारी सकाळधरनं उपाशी हाये." मोटारीला तो म्हातारी म्हनायचा.

"म्हातारीला सांग, उपासाचं पुन्य लागंल," सासू म्हनली, आन पदर खोचून शेंड्याला हात घातला.

पायली भरली. चाळली. चिपटं भरलं, आन वर शीग आली. थोडी न्हाई, चांगली शीग.

थोरली सवताच्या हातांकडं बघत बसली, वर खाली करून. मग म्हनली, "आत्या, माझा हातच गेला वाटतं."

सासू म्हनली, "व्हय."

तिला ते खरंच वाटलं. आमाला बी खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती पोरीला घिऊन माहेरला गेली. मी सडकेपतुर गेलते. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी पोरीच्या हातात दिलेली. "चाळन वाळत टाकलीया, आत घे," म्हनली. मी आत घेतली.

ती फेल रास चाचानंच नेली, दुसरा माल न्हवता. चार-सहा दिसांनी आला तवा हसत आला.

"मुकादम, तसला फेल माल रोज द्या. खोपोलीपासनं वर आली म्हातारी, एकदा खोकली न्हाई."

"चाचा, थट्टा नगा करू."

"थट्टा कशापायी? पोती मी भरली. बुडाकडनं भरली. भुगा हुताच कुटं?"

सासूनं नमुन्याची चाळन खाली ठिवली. मला म्हनली, "धाकटे, तुझा माल घे. थोरली वतायची तशी वत."

मी वतला. हळूहळू, एकाच जागी. तवा पैल्यांदा डोळं लावून बघितलं. मोठा दाना पडला की गडगडत बुडाला जात हुता. भुगा जितं पडंल तितंच बसत हुता, मधी, शेंड्याला. चांगला चाळला तरी थोडा भुगा ऱ्हातोच, आन तो समदा एका जागी गोळा. रास जेवढी उभी, तेवढा जास्त. म्हंजी थोरलीनं जीव लावून रास घातली, त्यानंच ती फेल गेली.

सासू खाली बसली. राशीच्या बुडात तिनं कोपरापतुर हात घातला, आन मूठ उघडून बघितली. नुसता दाना. हात काळा झालेला, तो तिनं पुसला न्हाई.

चाचा आधी रेलच्या कोळशाच्या यार्डात हुता. त्यानं तितली रीत दावली. रास तरटावर घ्यायची, फावड्यानं खालवर करायची, थापून भाकरीवानी चपटी करायची. फळीनं चार वाटे. समोरासमोरचे दोन ठिवायचे, दोन बाजूला सारायचे. ऱ्हायलेलं परत कालवायचं, परत चार वाटे. पायलीएवढं उरंल तोवर. तसं केलं. चिपटं अर्धं बी भरलं न्हाई.

"वाटे तर आमी बी घालतो," सासू म्हनली. "घरात." एवढंच म्हनली.

मग तिनं थोरलीला आनायचं ठरवलं. लावनी चालू हुती, बैल मोकळं न्हवतं. लावनी उरकली तवा गाडी धाडली. गाडी रिकामी आली. थोरली तापानं गेलेली, धा-बारा दिस झालेलं. पोरीला मामानं धाडली न्हाई, त्याला गुरामागं मानूस लागत हुतं.

त्या दिशी सासू जेवली. मी बी जेवले. सकाळी शेडवर गेलो. सासू मरंपतुर नमुना काढत हुती, चार वाटे घालून. शेंड्याला तिनं परत हात लावला न्हाई.

लढाई सपली, पेट्रोल आलं, शेड मोडली. थोरलीचा नवरा आला न्हाई.

लय वरसांनी सोमाटण्याच्या फाट्यावर बेडश्याकडची एक बाई भेटलेली. ती म्हनली, थोरलीची पोरगी सांगती, आमच्या आईला चाळता येत न्हवतं म्हनून घरातनं काढली. कुटं दिली तिला, ते त्या बाईला ठाऊक न्हवतं. आता माझं पाय उंबऱ्याभाईर पडत न्हाईत.

त्या पोरीच्या उजव्या भुवईत चाळनीची तार लागल्याचा डाग हाये. ती आता म्हातारी झाली असंल. कुनाला दिसली तर तिला एवढं सांगा, तुझी आई नीट चाळत हुती.