सव्वा पायली चिनोर

१० मार्च १९६९, सोमवार. मुगाच्या वड्या घालायच्या होत्या. डाळ पहाटेच वाटून झाली होती, अंगणात बाजेवर जुनं धोतर पसरलं होतं, आणि ऊन डोक्यावर येण्याआधी पीठ संपवायचं होतं. पोस्टमन आला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. त्याला म्हटलं, पाकीट फोडून पाटावर ठेवा आणि वर वाटी ठेवा, नाहीतर उडेल. वड्या घालता घालता मी ते पत्र वाचलं. इंग्रजी होतं, पण माझं मॅट्रिकचं इंग्रजी त्याला पुरलं. माझा व्हिसा तयार होता. पोरीचा अडला होता.

पोर माझी नव्हे, नवऱ्याची. मी एकोणचाळीस वर्षांची होईपर्यंत लग्न केलं नव्हतं. बालाघाटला घरीच शिवणाचा वर्ग चालवत होते आणि माझं बरं चाललं होतं. भरवेलीच्या मँगनीज खाणीतले एक फोरमन बायको वारल्यावर मुलीचे फ्रॉक शिवायला माझ्याकडे टाकायचे. चौथ्या फ्रॉकच्या वेळी त्यांनी लग्नाचं विचारलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. वर्षभरातच त्यांना झांबियातल्या तांब्याच्या खाणीत काम मिळालं. करार तीन वर्षांचा. त्या तीन वर्षांत बायकामुलांना एकदा पाहुणे म्हणून बोलावता येत होतं, आणि ती वेळ त्या उन्हाळ्यात आली होती. पुढे करार वाढणार होता. म्हणजे ही संधी गेली की पोरीला बाप दिसणार तो चांगली अकरा वर्षांची झाल्यावर. आताच ती त्यांच्या फोटोकडे पाहून विचारायची, हे मिश्या ठेवतात का अजून?

दिल्लीतल्या झांबियाच्या कचेरीचं म्हणणं असं की तुम्ही जोडलेला जन्माचा दाखला दुसऱ्याच कुणाच्या मुलीचा आहे. दाखल्यात बाप म्हणून ज्याचं नाव आहे तो तुमचा नवरा नाही. तेव्हा दाखल्यातल्या आईबापांपैकी जो हयात असेल त्याने मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर खुलासा करावा, म्हणजे विचार करू.

दाखला सासरच्या गावाच्या ठाण्यातून, लालबर्ऱ्याहून, मागवून मी न वाचताच पाकिटात घातला होता, कारण सरकारी शिक्का स्वच्छ उमटला होता. आता त्याची नक्कल काढून वाचली. आईबाप म्हणून सासरच्या गावचे कुंभार नवराबायको.

मला आश्चर्य वाटलं नाही, राग आला. पोर विकलेली आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. म्हणून ही जन्मली त्याच दिवशी तिला सुपात घालून कुंभारणीला विकली. कुंभारणीने सव्वा पायली कोदो मोजून दिले, पोरीच्या पायात लोखंडाचं कडं घातलं, आणि माझी पोर तुम्ही सांभाळा म्हणून परत आईच्याच मांडीवर ठेवली. यमाचा पत्ता चुकावा म्हणून ही सगळी खटपट. आमच्याकडे घरोघर असं करतात. पण माझ्या सासूबाई कामाला पक्क्या. जन्माची खबर ठाण्यात नेऊन देतो तो गावचा कोटवार आला, तेव्हा त्यांनी त्यालाही कुंभाराचंच नाव सांगितलं. सरकारी बुकात खरं नाव गेलं तर यम तिथे वाचेल, असा त्यांचा हिशेब. कोटवारालाही तो पटला.

पीठ संपवलं, हात धुतले आणि तहसिलीत जाऊन आले. तिथला बाबू म्हणाला, दाखला बदलायचा तर दिवाणी दावा लावा, पोरीच्या लग्नापर्यंत लागेल निकाल. म्हणजे कुंभारणीची शपथ हाच मार्ग उरला. कुंभार केव्हाच वारला होता.

रविवारी पोरीला घेऊन बसने सासरी गेले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सोपा तोडगा काढला.

"तू जाय. पोरगी राहीन इथंच. आमी काय तिले उपाशी ठेवून राह्यलो?"

पोर दारात उभी राहून ऐकत होती. पायातलं कडं ती दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने फिरवत होती. काही चुकीचं ऐकू आलं की तिची ही सवय. गावातली पोरं तिला चिडवत असत, तुले तं इकलं हाये. आजवर ती उलट चिडवायची. त्या दिवशी तिने मला एवढंच विचारलं, "मले इथं ठेवून देनार का?" मी म्हटलं, तुझं सामान आणलंय का मी? नाही ना? मग.

कुंभारीणआजी अंगणात ओल्या मडक्याला थापी मारत बसली होती. मी दाखल्याची गोष्ट, दिल्लीची गोष्ट, शपथेची गोष्ट सांगितली. बालाघाटला येऊन साहेबापुढे म्हणा की पोर परत दिली, एवढंच काम आहे म्हटलं. ती थापी मारतच म्हणाली, "परत देली नाई तं देली कशी म्हनू?"

"मग द्या परत."

"लग्नाच्या आंधी नाई होत. माह्या सासूनं बी घेतलेल्या पोरी लग्नातच देल्या."

मागून सासूबाईंनीही हो म्हटलं. दोन म्हाताऱ्या एका बाजूला आणि मी एका बाजूला. मला या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण तो वाद घालून मडकंसुद्धा हललं नसतं. मी विचारलं, "आजी, लग्नातच का देतात?"

"काहून म्हंजे? तवा पोर शिव ओलांडते. परक्याच्या घरी जाते. तिथं माही राखन पोचत नाई. मंग जिची तिले देऊन मोकळं व्हा लागते."

"ही तर समुद्र ओलांडणार आहे. तिथे पोचते का तुमची राखण?"

थापी थांबली. आजीने विचारलं, समुंदर केवढा असते. समुद्र मीही पाहिला नव्हता. मी म्हटलं, वैनगंगेला पूर आला की पलीकडचा काठ दिसत नाही ना, तसा. फक्त बोटीत बसून दिवसच्या दिवस गेलं तरी काठ दिसत नाही.

तिने मडकं फिरवून पाहिलं, खाली ठेवलं आणि म्हणाली, "मंग नाई पोचत."

सासूबाईंना हे आवडलं नाही, पण तोडता येईना. तरी त्यांनी एक खुसपट काढलंच. विकली होती मायने, तेव्हा परत घ्यायची तीही मायनेच. माय तर वारली. आता घेणार कोण? आजीनेही मान डोलावली, हे खरं आहे म्हणाली. अंगणात शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी आता माघार घेते का ते पाहायला आल्यासारख्या.

मी म्हटलं, "मी घेते. पदर कसा धरायचा तेवढं दाखवा."

आजीने सांगितलं, जेवढ्यात घेतली तेवढ्यात देईन, सव्वा पायली कोदो, वर काही नको. आणि कडं तुमचा कागद येईस्तोवर राहू द्या, काम झालं का काढजा. मला हा व्यवहार पसंत पडला.

परतीच्या बसमध्ये पोर फुगून बसली होती. खूप वेळाने तिने विचारलं, "कोदोच काहून? मी तांदळाची काहून नाई?" कोदो म्हणजे गरिबाचं धान्य, शहरात पोरी त्याला नाकं मुरडतात. मी म्हटलं, तेव्हाचा भाव तो होता. ती म्हणाली, "आता तं मी मोठी झाली." हे बरोबर होतं.

पुढच्या रविवारी मी चिनोर नेला. आमच्याकडचा वासाचा तांदूळ, शिजला की तीन घरं पलीकडे कळतं. गावातल्या चार पंचांसमोर आजीने पोरीला सुपाजवळ उभी केली, कारण सुपात ती मावत नव्हती. मी पायलीने मोजून आजीच्या टोपलीत तांदूळ ओतला. आजी म्हणाली, बोली कोदोची होती. मी म्हटलं, पोरीने भाव वाढवलाय, तिला विचारा. आजीने मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि पंचांना म्हणाली, "लिवून घ्या, देली." मग पोरीचा हात माझ्या पदरावर ठेवला. सासूबाईंनी आत जाऊन चहा ठेवला. त्यांच्याकडून तेवढी कबुली पुष्कळ होती.

बालाघाटच्या वकिलाने कागद तयार केला. पण विकत घेतली हे शब्द ऐकताच तो खुर्चीतून उठला. मूल विकत घेणं गुन्हा आहे, म्हातारी तुरुंगात जाईल आणि मागोमाग तुम्ही, असं त्याने सांगितलं. रूढीप्रमाणे नावापुरती दत्तक मानली होती, असं लिहायचं आणि तसंच बोलायचं. बसस्टँडपासून कचेरीपर्यंत त्याने आजीकडून ते वाक्य घोकून घेतलं. मीही पोरीला तयार केलं. ती मला बहनजी म्हणायची, कारण शिवणाच्या वर्गातल्या मुली तसं म्हणत. आज साहेबांनी विचारलं तर आई म्हणायचं, असं तिला बजावलं.

मॅजिस्ट्रेट उत्तरेकडचे, वयस्क गृहस्थ होते. चष्म्यावरून पाहायचे. कागद वाचून त्यांनी आजीला हिंदीत विचारलं, ही मुलगी तुमची कोण? आजीने वकिलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं.

"इकत घेतली होती, साहेब. आता देली. म्या शपथ घेतली हाये, खोटं काहून बोलू?"

वकिलाने डोळे मिटले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "खरीदी थी? बच्ची?" मी पुढे होऊन सांगायला लागले, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि पोरीला जवळ बोलावलं. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "बिटिया, ये तुम्हारी कौन हैं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आई म्हणायचं हे तिला आठवत होतं, तोंडावर दिसत होतं. पण आजीने नुकतंच खोटं बोलायला नकार दिला होता आणि तेही तिने ऐकलं होतं. तिने पायातलं कडं एकदा फिरवलं.

"इनने मेरे को लिया," ती म्हणाली. "चिनोर में. पहले मैं कोदो में थी."

मग साहेब हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवून. चष्मा काढून त्यांनी पुसला.

"महँगी हो तुम," ते तिला म्हणाले. "हम पाव भर तमाखू में बिके थे। आज तक किसी ने छुड़ाया नहीं।"

आजीला हिंदी कामापुरतं कळत होतं. तिने त्यांच्याकडे फार काळजीने पाहिलं आणि विचारलं, घेणारी जिती हाये का? साहेब म्हणाले, नाही. आजीने मान हलवली, मग राहू द्या म्हणाली.

वकिलाचा कागद साहेबांनी बाजूला सारला आणि खुलासा स्वतः सांगून लिहवून घेतला. कुंभारीण कोण, रूढी काय, पोर कुणाच्या पोटची, आणि विधीने कुणाच्या हवाली केली, सगळं सरळ इंग्रजीत. मला वाचून दाखवलं. त्यात मदर हा शब्द दोनदा होता. एकदा वारलेल्या बाईसाठी, एकदा माझ्यासाठी. आजीने अंगठा दिला, शिक्का बसला. बाहेर आल्यावर वकील म्हणाला, मी असंच लिहिणार होतो.

कागद रजिस्टरने दिल्लीला गेला. मी वर्गातल्या मुलींचं राहिलेलं कापडकाम उरकायला घेतलं, वड्या डब्यात भरल्या, पोरीसाठी बोटीवर घालायला दोन सुती फ्रॉक बेतले. समोरच्या बाईंनी रोज विचारायचं ठरवलं होतं, आला का? आणि रोज त्या पुढे म्हणायच्या, परक्याच्या लेकरासाठी किती करावं माणसाने. मी शिवत राहायचे. मशीन चालू असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

एप्रिलच्या अखेरीला पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला. मी काज करत होते. या वेळी मी त्याला फोडायला सांगितलं नाही, कात्रीने स्वतः फोडलं. दोन पासपोर्ट. माझा बाजूला ठेवला. पोरीचा उघडला, पानं उलटली, आणि शिक्का सापडला. चौकोनी, जांभळा, सही ठसठशीत. मी उठून समोरच्या दारात गेले आणि त्या बाईंना म्हटलं, आला. आणि परक्याच्या लेकराचा नाही, माझ्या लेकीचा आला. त्यांच्या हातात पीठ चाळायची चाळणी होती. ती तशीच राहिली. मी परत येऊन काज पुरं केलं.

संध्याकाळी नवऱ्याला तार केली, दोघी येत आहोत. पोर शाळेतून आली तेव्हा तिला शिक्का दाखवला. तिने बोट फिरवून पाहिला आणि विचारलं, "मंग कडं, बहनजी?" हाक तीच राहिली. मी ती कधी बदलायला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी तिला बाजारामागच्या लोहाराकडे नेलं. पाय वाढेल तसं आजी कडं बदलत आली होती; हे जोड ठोकून बंद केलेलं होतं, निघत नव्हतं. लोहाराने मध्ये कापडाची घडी सरकवली आणि करवतीने कापलं. ती माझा हात धरून उभी होती, रडली नाही. कडं मी कागदात गुंडाळून बसवाल्याच्या हाती आजीला पाठवलं. पोरीच्या घोट्यावर पांढरा पट्टा उमटला होता, त्यावर खोबरेल लावलं, आणि तिला शाळेत सोडून तिथल्या बाईंकडे तिच्या रजेचा अर्ज दिला.