हिरव्या काठाचा बोळा

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. सगळं आयुष्य फिटर म्हणून काढलं... पाणी तुंबलं म्हणजे कुठेतरी काहीतरी अडकलंय, एवढंच माझं शास्त्र. मग हे का लिहितोय? कारण गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या पाइपातून जे निघालं, ते मी आधी दोनदा पाहिलं होतं. त्यामागची गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नाही, लाज वाटायची. ती गेली. आता इथे सांगून टाकतो.

बहात्तरचा दुष्काळ. देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. वय चोवीस, लग्नाला वर्ष झालेलं, बायकोला दिवस गेलेले, आणि अक्कल... जाऊ द्या. नवी यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर सहकुटुंब आला होता. त्याच्या मॅडमनी येताना जहाजातून भांडी धुण्याचं मशीन आणलं. गावात हंडाभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या आणि इथे मशीन बशा धुणार! पण मला त्याचं काय? परदेशी मशीनची पाइपलाइन टाकायला मला बोलावलं, म्हणून मी छाती काढून फिरत होतो.

बंगल्यावर भांडी घासायला शेवंताबाई होत्या. पन्नाशीच्या, विधवा. राख आणि काथ्या घेऊन बसल्या की पितळेचं भांडं लखलखायचं. मोठी पातेली मशीनमध्ये मावत नव्हती, म्हणून मशीन आल्यावरही मॅडमनी त्यांना ठेवलं होतं. पगार काय, असून नसून सारखाच. पण जाताना बंगल्याच्या नळाचे दोन हंडे भरून न्यायची त्यांना परवानगी होती. घरी लेक बाळंतपणाला आलेली आणि विहीर कोरडी ठाक. त्या दोन हंड्यांवर त्यांचं घर चाललं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. भिंतीतून पाइप काढला की गवंड्याचं काम होईपर्यंत त्याच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायचा, म्हणजे सिमेंट आत जात नाही. मीही सांडपाण्याच्या पाइपात कोंबला. बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता — हिरवा काठ, आणि हिरवा दोरा मिळाला नाही म्हणून तिने त्याला पिवळ्या दोऱ्याने रफू केलेलं. प्लास्टर झालं, मी पाइप जोडला... आणि बोळा आतच राहिला.

मशीन सुरू केलं त्या दिवशी साहेब, मॅडम, बंगल्याची व्यवस्था बघणारे गेस्ट हाऊसचे मॅनेजर, सगळे उभे होते. शेवंताबाई मागून पुढे आल्या.

"मिस्त्री, त्या पायपात तुमी..."

"मावशी, तुम्ही आपलं राख-काथ्याचं बघा. मशीनमधलं तुम्हाला काय कळतंय?"

मॅनेजर हसले. मीही हसलो.

पंधरा दिवस काहीच तक्रार नाही. सोळाव्या दिवशी निरोप आला — मशीनच्या तळाशी वीतभर घाण पाणी साचलंय, वास मारतोय. लेक बाळंत झाली म्हणून शेवंताबाई दोन दिवस आल्या नव्हत्या, त्या दिवशी सकाळीच कामावर परत आल्या होत्या. मी बंगल्याच्या मागचा जोड खोलला, तार घालून ओढलं, आणि हिरवा काठ दिसला. बोळा मुठीत दाबला तोच मॅनेजर मागून म्हणाले, "काय निघालं रे?"

"राख आणि काथ्या, साहेब."

माझ्याच तोंडून निघालं हे. कोणी शिकवलं नव्हतं.

मॅनेजरांनी दारातल्या शेवंताबाईंकडे पाहिलं. "वाटलंच मला. मशीन आल्यापासून हिच्या पोटात दुखतंय." शेवंताबाई माझ्या मुठीकडे बघत होत्या. मुठीतून पाणी गळत होतं. "उद्यापासून येऊ नका," मॅनेजर म्हणाले. बाईंनी आपले दोन रिकामे हंडे उचलले आणि त्या चालू लागल्या. नळाकडे वळल्यासुद्धा नाहीत.

बोळा मी बॉयलरच्या भट्टीत टाकला. उभा राहून जळताना पाहिला, अगदी काठ करपून राख होईपर्यंत.

आठ दिवसांनी मशीन पुन्हा तुंबलं. जोड खोलला, तार घातली... तोच बोळा. ओला, पण कुठे करपल्याचा डाग नाही. पिवळं रफू जसंच्या तसं. मी स्वतःची समजूत घातली, की दोन बोळे कोंबले असतील. घरी जाऊन बायकोला विचारलं, लुगडं किती ठिकाणी रफू केलं होतंस? "एकाच ठिकाणी," ती म्हणाली, "आणि तेवढंच तुमी फाडून नेलं."

तिथून सायकल काढली ती थेट शेवंताबाईंच्या दारात. ऊन नुसतं भाजत होतं. ओसरीवर लेक बाळाला घेऊन बसलेली, हंडे पालथे पडलेले. मी बोळा शेवंताबाईंपुढे धरला आणि सगळं सांगितलं, भट्टीचंसुद्धा. वाटलं, बाई आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ह्यो मला पयल्या दिसापासनं ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला कोंबताना पायलं, काडताना न्हाई पायलं. सांगाया आले तर तुमी हसला."

"मग मॅडमना का नाही सांगितलंत?"

"तुमची नवी नोकरी. घरी तुमची मालकीन पोटुशी. म्हनलं, कशाला कुनाच्या पोटावर पाय द्या? मॅडम उठायच्या आत रोज तांब्या-तांब्यानं पानी उपसून टाकायची मी."

पंधरा दिवस तक्रार का आली नव्हती ते मला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! "मावशी, उद्याच मॅनेजरांना खरं सांगतो," मी म्हणालो.

"सांगा की." त्यांनी बोळा माझ्या हातातून घेतला आणि पदराखाली ठेवला. "लेकराला चार दिस झालं, आंगूळ न्हाई."

मी सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू... मॅनेजरांपुढे गेलो की दुसरंच काहीतरी बोलून परत यायचो. महिन्याने पुन्हा त्यांच्या गावी गेलो तर घराला कुलूप. लेकीला घेऊन कुठल्याशा दुष्काळी कामावर गेल्या, एवढंच शेजारणीने सांगितलं. बाळाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. मशीन मात्र नंतर कधी तुंबलं नाही.

आता मी केडगावला मुलाकडे असतो. दिवाळीत सुनेने डिशवॉशर घेतला. मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. गेल्या महिन्यात त्यात पाणी साचायला लागलं. टेक्निशियन आला, नवाकोरा प्लॅस्टिकचा पाइप त्याने सोडवला आणि पकडीने काहीतरी ओढून काढलं. "आजोबा, बघा काय निघालं!"

हिरवा काठ. पिवळं रफू.

सून कामवालीवर उखडली. "संगीता, तुला किती वेळा सांगितलं, चिंध्या तिकडे ठेवत जाऊ नकोस म्हणून?" संगीता ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"तिला बोलू नकोस," मी म्हणालो. "बोळा माझा आहे. काढायचा विसरलो होतो."

"बाबा, तुम्ही कधी हात लावलात मशीनला?"

"बहात्तर साली."

सून आणि टेक्निशियन एकमेकांकडे बघून गालात हसले. म्हातारा चळला, असंच वाटलं असणार. पण संगीताला मग कोणी काही बोललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला आली.

बोळा माझ्या कपाटात आहे. शेवंताबाईंच्या पदराखालून तो इथे कसा आला, ते मला माहीत नाही. खूप डोकं चालवलं, उत्तर सापडत नाही. मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. 'बोळा माझा आहे' — एवढंच त्या दिवशी बंगल्यावर म्हणालो असतो, तर त्या बाळाला अंघोळ मिळाली असती.