साठीचा एक शेतकरी

नेवासा फाट्यावर मला सोडायला माझे चुलते तात्या आले, तेव्हा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. बॅग त्यांनी हट्टानं डाव्या हातानं उचलली. आदल्या आठवड्यात ग्रामसभेत त्यांनी विचारलं होतं, प्रवरेतली वाळू रोज कुणाच्या परवानगीनं जाते? सरपंचांच्या माणसांनी त्यांना नाव पुकारून पुढं बोलावलं आणि सभेसमोर मारलं. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच आलं.

एसटी हलताना तात्या म्हणाले, "शिकून ये आन् ह्यांच्यावर लिही. नावं घालून लिही, लेका."

युरोपातल्या एका थंड शहरात मी तेच शिकलो. इथं त्याला 'नैसर्गिक संसाधनं आणि स्थानिक राजकीय हिंसा' म्हणतात. परिषदेत त्यावर बोलून झालं की चीज आणि वाइन असते. ग्रामसभा कधी न पाहिलेल्या माणसांशी मी लोकशाही कशी रुजते यावर वाद घातले आणि बऱ्याचदा हरलो. शेवटी पुस्तक झालं. माहिती देणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सगळी नावं काढायची, हा विद्यापीठाच्या समितीचा नियम. आमचं गाव 'गाव ब' झालं.

पुस्तक घेऊन गावी गेलो तर ग्रामपंचायतीनं सत्कार ठेवला. शाल त्याच सरपंचांनी घातली. पुस्तक त्यांनी कुणाकडून तरी समजून घेतलं असावं. माईकवर म्हणाले, "पोरानं आपलं गाव फॉरेनला नेलं, पन कुनाचं वाईट न्हाई लिवलं." टाळ्या पडल्या. शाल मात्र चांगली उबदार होती.

घरी आल्यावर तात्यांनी विचारलं, "मी कुठल्या पानावर हाय?"

मी मराठीत वाचून दाखवलं: साठीच्या एका शेतकऱ्याला सभेत मारहाण झाली.

"ह्यो कोन?"

"तुम्हीच. तुम्हाला त्रास नको म्हणून नाव काढलं."

"मार बसला तवा नाव घेऊनच बसला की." मग म्हणाले, "आन् त्या सरपंचाचं?"

"त्यांचंही नाही."

"मंग आमी दोगं सारकंच झालो," म्हणत तात्या चहाचं सांगायला आत गेले.

या हिवाळ्यात ते वारले. मला पोचता आलं नाही, अंत्यविधी मोबाईलवर पाहिला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. घरच्यांची संमती असेल तर तात्यांचं नाव घालता येईल, असं समिती म्हणाली. मी त्यांच्या मुलाला, बाळूला, फोन केला. त्याच्या मागं वाळूच्या डंपरचा हॉर्न ऐकू येत होता.

"दादा, तू तिकडं हायेस," तो म्हणाला. "मला हितं ऱ्हायचंय."

त्याचं बरोबर आहे. माझ्यासारखे जे निघून आले त्यांना हे सांगायला नको, आणि जे तिथं राहिले त्यांना तर नकोच. मध्यंतरी आमच्या जिल्ह्याला नवं नाव मिळालं. तात्या मात्र पुस्तकात साठीचा एक शेतकरी म्हणूनच राहतील. इथं कुणी विचारतं, तुझं घर कुठं? मी जिल्हा सांगतो, तालुका सांगतो, आणि गावाच्या अलीकडे थांबतो.