आतोबांचं ‘ये’

सगळ्या महाड एमआयडीसीत, आणि मला विचाराल तर सगळ्या जगात, निरोप घ्यायला आलेल्या माणसाचा इतका छळ करणारा एचआर मॅनेजर दुसरा झाला नसेल. हे माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा. त्यांच्याच हाताखाली मी एचआरचं काम शिकले. रुजू झाले त्या दिवशी मोठ्या साहेबांसमोर माझ्या तोंडून ‘आतोबा’ निसटलं आणि संध्याकाळपर्यंत गेटवरच्या वॉचमनपासून कॅन्टीनमधल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना आतोबासाहेब म्हणायला लागले. मला वाटलं, आता काही आपली धडगत नाही. पण स्वारी खूश! घरी जाऊन आत्याला म्हणाले, "आज प्रमोशन झालं माझं."

छळ म्हणजे कसा, तर राजीनामा मंजूर झालेला माणूस केबिनच्या दारात येऊन म्हणायचा, "साहेब, जातो." झालं! आतोबांच्या कपाळावर आठी. "जातो काय रे? घरातून निघताना आईला काय सांगतोस?" "येतो." "मग मलाच कसा जातो म्हणतोस? बाहेर हो आणि परत आत ये." बिचारा बाहेर जायचा, पुन्हा दार लोटून आत यायचा आणि म्हणायचा, "साहेब, येतो." मग आतोबा खुर्चीतून उठायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "ये." बिहारकडचा एक इंजिनिअर होता, मराठी नुकतंच शिकत होता. त्याच्याकडूनही त्यांनी हे ‘येतो’ वदवून घेतलं. त्याला वाटलं, राजीनामा नामंजूर झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गडी डबा घेऊन गेटवर हजर! त्याची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. आतोबा मात्र पोट धरून हसत होते.

पण ते ‘ये’ तोंडदेखलं नव्हतं हो. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला फिटर असाच ‘येतो’ म्हणून मुंबईला गेला, तिथे फसला आणि खाली मान घालून आमच्या गेटबाहेर येऊन उभा राहिला. आतोबांना कळलं तसे ते भरल्या ताटावरून उठले आणि खरकट्या हातानेच गेटवर गेले. "मी ये म्हटलं होतं ना? मग बाहेर काय उभा राहतोस?" जागा रिकामी नव्हती. वरच्या साहेबांशी भांडून त्यांनी ती काढायला लावली. मी कुरकुरले, तर म्हणाले, "शब्द मी दिला होता. जागा शोधायला त्याने जायचं होय?"

नवीन माणसाला आणायला ते स्वतः वीर स्टेशनवर जायचे. लांबून आलेला उमेदवार फलाटावर उतरून भोवतालचे डोंगर बघतो आणि तिथूनच परत फिरतो, असा त्यांचा ठाम समज. एकदा गाडीतून बॅग सांभाळत एक तरुण उतरला. आतोबांनी त्याला नाव विचारायच्या आधीच रिक्षात घातलं, वाटेत घरची चौकशी केली, कारखान्यात आणून पोहे खायला घातले आणि मुलाखत सुरू केली. तेव्हा कुठे तो चाचरत म्हणाला, "साहेब, मला शिवथर घळीला जायचं होतं." आमचा खरा उमेदवार स्टेशनवरच ताटकळत बसला होता! हा होता डोंबिवलीचा मोहिते. दुकानातली नोकरी गेलेली, मनाला शांती मिळावी म्हणून घळीकडे निघालेला. आतोबा खजील झाले असतील म्हणता? छे! "शांती नंतर बघू. स्टोअरमध्ये माणूस हवाच आहे," म्हणाले. मोहिते राहिला. महाडातच त्याचं लग्न झालं, पोरंबाळं झाली.

हेड ऑफिसच्या बाई एकदा पुण्याहून लीडरशिपवर बोलायला आल्या. प्रत्येक मॅनेजरला उभं करून त्या करिअरचं ध्येय विचारत होत्या. बाकीच्यांनी इंग्रजीत मोठमोठी ध्येयं सांगितली. आतोबा उठले आणि म्हणाले, "माझ्या माणसाला निघताना येतो म्हणावंसं वाटावं, आणि मला त्याला ये म्हणता यावं. बस्स." सगळे हसले. बाईही हसल्या. मी मात्र त्या दिवशी मनाशी ठरवलं, नोकरी करायची तर अशी.

आणि मग कारखाना गुजरातला हलवायचं ठरलं.

आतोबा पुण्याला गेले, हातापाया पडले म्हणाना. निदान स्टोअर आणि पॅकिंग तरी इथे ठेवा म्हणून विनवलं. काही उपयोग झाला नाही. लोकांना मोबाइलवर मेसेज पाठवा, असा वरून हुकूम आला. तेवढा मात्र त्यांनी साफ धुडकावला. एकेकाला केबिनमध्ये बोलावून, समोर बसवून, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आजूबाजूच्या कारखान्यांची दारं ठोठावली, काहींची सोय लावली. सगळ्यांची नाही लागली.

शेवटच्या दिवशी माणसं रांगेने त्यांच्या दारात आली. कुणी काही शिकवायची गरज नव्हती. जो तो हात जोडून म्हणत होता, "साहेब, येतो." आणि आतोबा नुसते हात जोडून उभे. मी बाजूला उभी राहून रडत होते. सगळ्यांत मागे मोहिते होता. तो "येतो" म्हणाला आणि हलेचना. "साहेब, ये म्हणा की."

"कुठं ये म्हणू रे?" आतोबा म्हणाले. "जागाच नाय राहिली." एवढ्या वर्षांत ऑफिसात त्यांच्या तोंडून कधी ‘नाय’ ऐकलं नव्हतं.

पुण्याची मोठी जागा त्यांना देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला त्यांच्या वाडीत आत्या आणि ते राहतात. मला खोपोलीला एचआर मॅनेजरची जागा मिळाली तेव्हा मी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेले. आत्याने कौतुक केलं. आतोबा बराच वेळ पेढा हातात धरून बसले, मग म्हणाले, "एक ऐक. कुणाला ये म्हणू नको. नुसतं बरं म्हणावं." मला इतका राग आला त्यांचा! आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ज्या माणसाकडून मी ते शिकले, तोच असं बोलत होता.

आतोबा मला एसटीपर्यंत पोचवायला आले. गाडी आली तशी मी वाकून नमस्कार केला. "आतोबा, येते."

ते हळूच म्हणाले, "कुठं?"

"इथे. घरी."

त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं, जणू ते अजून आहे की नाही याची खात्री करत होते. "हां. घर हाय," ते म्हणाले. "मग ये."

गाडी सुटली तसे ते खिडकीशेजारून चालायला लागले. "आणि ते मघाचं ऐकू नको गो! म्हणत जा ये!"

मी म्हणते. कुणी नोकरी सोडून दारात आलं की उठते, खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "ये." मग त्याचा फोन नंबर वहीत उतरवून ठेवते.