लाइट जाण्याची वाट

बाबा चळवळीतले, आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे यायचे. ज्या ओळीबद्दल चौकात उभं राहून उत्तर देता येणार नाही, ती ओळ बाबा छापायच्या आधी खोडून टाकत. हे शिकूनच मी वर्ध्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेले.

लॅबमधले काही जुने कॉम्प्युटर भंगारात जायचे होते. सेलूची माझी मैत्रीण आणि मी, आम्ही ते एकाच डिस्कला जोडले. त्या डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी फाइल सिस्टिम फुकट होती, तिचा कोड कुणालाही वाचता, बदलता येणारा. मला तर तो जाहीरनामाच वाटला. डिस्क सगळ्यांची, म्हणून एका मशीनने फाइल लिहायला घेतली की ती कुलूप लावते आणि बाकीच्या थांबतात. विभागप्रमुख साहेब म्हणाले, ज्युनिअरांचे प्रोजेक्ट इथे सुरक्षित राहतील असं लिहून द्या, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.

"देऊन टाक ना लिहून," लॅबचे सर म्हणाले. "चालूनच तर राह्यलं. काऊन अडून बसली?"

"चालते ते दिसते, सर. कुलूप लागते का, ते कुठं दिसते?"

कुलपं सिस्टिमच्या पोटात होती. बाहेरून मुद्दाम एखादं धरून ठेवायची सोयच नव्हती, मग तपासणार कसं? ती सोय मीच लिहायला घेतली. एक खास फोल्डर: त्यातली फाइल लिहायला उघडली की कुलूप घेतलं, बंद केली की सोडलं. किती वेळा तर मशीनच बंद पडली. मी पुन्हा सुरू करायची.

शेवटी एका दुपारी मैत्रिणीने तिच्या मशीनवर कुलूप धरलं, मी माझ्या मशीनवरून तेच मागितलं. माझा स्क्रीन जागीच थांबला.

"अडकलं!" मी ओरडले.

"स्क्रीन अडकल्यावर नाचणारी तूच पाह्यली व माय."

पण आमच्याकडे रोज लोडशेडिंग. त्याची परीक्षा झाल्याशिवाय मी सही करणार नव्हते. ती फाइल तशीच उघडी ठेवून आम्ही लाइट जायची वाट पाहत बसलो. पंखे थांबले. आमच्या मशीनी यूपीएसवर होत्या, डिस्कही. तेवढ्यात माझा स्क्रीन पुढे सरकला.

"तू सोडलं का?"

"नाई ना! माह्याकडंच हाय."

एक कुलूप, दोघींकडे. दोन मशीनी एकदम लिहायला लागून ज्युनिअरांच्या फाइलींचा चिवडा झाला असता. टेबलाखाली पाहिलं तर मशीनी एकमेकींशी जोडणारा हब काळा पडलेला. त्याचा प्लग साध्या बोर्डात होता. यूपीएस त्याला द्यावा हे कुणालाच सुचलं नव्हतं. मशीनींचं आपसातलं बोलणं तुटलं, तशी माझ्या मशीनने मैत्रिणीची मशीन मेली असं धरून कुलूप उचललं होतं.

हब यूपीएसवर घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच कुलूप धरून बसलो; लाइट गेली, माझा स्क्रीन अडकलेलाच राहिला. मैत्रिणीने फाइल बंद केली, तेव्हाच सुटला.

मग मी लिहून दिलं: लाइट गेली तरी चालते, हब बंद पडला तर भरवसा नाही.

"हे दुसरं काऊन लिहिलं?" सर वैतागले. "साहेब नाई म्हणतीन ना."

"म्हणू द्या. खोडणार नाही."

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हबचा प्लग कोणी काढणार नाही, हे कोण पाहणार?"

"मी," मी म्हणाले.

भंगारवाल्याचा ठेला त्या आठवड्यात आला तो नुसत्या मोडक्या खुर्च्या घेऊन गेला.