टोलीतल्या चुली

माणूस समोर आला की त्याचं गाव कुठल्या बाजूने वाढलं असेल, याचा आधी विचार करणारा गृहस्थ अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. भाऊजींनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. शाळेने त्यांना निवृत्त केलं, भूगोलाने केलं नाही. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा आम्ही मुलाची नोकरी विचारत होतो, तर यांनी विचारलं, "तुमचं गाव तलावाच्या बांधाखाली बसलं का वर?" मुलाचे वडील गोंधळून म्हणाले, "खाली." "मग माणसं शांत असतील," असं म्हणून भाऊजींनी स्थळ पास केलं. जावई चांगला तापट निघाला. भाऊजींच्या मते तो अपवाद आहे, त्याच्या आजोळच्या जमिनीचा उतार वेगळा आहे. आपले पूर्वज माळव्यातून कसे आले हे ते असं सांगतात, जणू त्याच बंडीत बसून आले. बैल कुठे पाणी प्याले तेही त्यांना ठाऊक असतं. ताई म्हणते, "अन् आमगावच्या बाजारातून घरी येता येता रस्ता चुकते हा माणूस."

त्यांची टोली, म्हणजे छोटी वस्ती, मूळ गावापासून दूर, नहरेच्या म्हणजे कालव्याच्या पलीकडे आहे. अंगणवाडी गावात, त्यामुळे तीन-चार वर्षांची लेकरं नहरेवर टाकलेल्या फळीवरून जायची. एकदा एक मुलगी घसरून पाण्यात पडली. धानाच्या रोवणीला निघालेल्या बाईने तिला केसांना धरून बाहेर काढलं. तेव्हापासून टोलीतच अंगणवाडी हवी, हा ध्यास भाऊजींनी घेतला. पुरेशी कुटुंबं भरली तर देऊ, यादी आणा, असं त्यांना तालुक्याच्या कचेरीतून सांगण्यात आलं.

एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब, ही पुस्तकातली व्याख्या. भाऊजी वही घेऊन निघाले आणि दारोदार विचारत सुटले, "चुली किती?" आमच्याकडे हा प्रश्न फक्त वैरी विचारतात. चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं, आणि फुटलेल्या घरातल्या पोरींची लग्नं अडतात. त्यामुळे प्रत्येक दारातून उत्तर आलं, "एकच." एका घरात दोन्ही टोकांनी धूर निघत होता. तिथली सून म्हणाली, "ते ढोरांसाठी पाणी तापून राहिलं." शेजारचा म्हातारा तर सरळच बोलला, "काऊन मास्तर, आमच्या घरात भांडण लावाले आले का?"

यादी अपुरी पडली. मी म्हटलं, "भाऊजी, द्या चार-सहा वाढवून. कोण येतं मोजायला?" ते म्हणाले, "बाई, मी खोटी वस्ती वसवत नाही."

मग त्यांनी टोलीतल्या सगळ्यांना बोलावलं. मी त्या दिवशी तिथेच होते. भाऊजी उभे राहिले, वही उघडली आणि वाचलं, "पहिलं घर माझं. चुली दोन."

मला हे ठाऊक नव्हतं. ते आणि त्यांचे धाकटे भाऊ कित्येक वर्षांपासून वेगळे रांधत होते. पाहुणा येणार कळलं की ताई आणि तिची जाऊ सगळी भांडी एका चुलीजवळ आणून मांडायच्या. मी तिथे किती वेळा जेवले असेन, आणि एकत्र कुटुंबाचं कौतुकही केलं होतं. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली पाहत होती. मग तोच म्हातारा खाकरला. "आमच्या दोन लिहा, मास्तर. नाही, तीनच लिहा. बुढी आपलं वेगळं रांधते." त्याची बुढी मागून म्हणाली, "तुमची सून मीठ टाकाले विसरते, मंग काय करू?" लोक हसले आणि एकेक करून सांगू लागले. यादी भरली. अंगणवाडी टोलीत आली.

ताई आता महिनाभर अबोला धरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "रागावू कायले? तू येऊन राहिली म्हटलं का सकाळपासून गंज-भांडी इकडून तिकडे. कंबर गेली माझी."

मागच्या महिन्यात मी ताईकडे गेले होते. जेवताना भाऊजींनी सहज विचारलं, "बाई, तुमच्या घरी आता माणसं किती?" कोणी विचारलं तर मी चार सांगते. मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्याला घर घेऊन बसला, तरी चारच सांगते. त्यांच्यापुढे मात्र मी "दोन" म्हणाले. आता एखादा सिद्धान्त ऐकावा लागणार, म्हणून मी तयारीतही होते. त्यांनी फक्त माझ्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.