पुढच्या रांगेतली पोरगी

हिवरखेडच्या नत्थुजींची प्रणाली चढाईला निघाली की समोरचा संघ आपोआप मागं सरायचा. अंगानं ठेंगणी, मांड्या भरीव, रंग काळा, पुढचा एक दात मॅटवर पडून तुटलेला. अमरावतीच्या कॉलेजात तिला खेळावरच प्रवेश मिळाला होता. हॉस्टेलच्या खोलीत तिच्यासोबत अंजनगाव सुर्जीची आकांक्षा राहायची. तीही कबड्डीच्या संघातली, पकडीत डावा कोपरा सांभाळणारी. उंच, गोरी, लांब केसांची. दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायच्या.

विद्यापीठाच्या स्पर्धेत उपांत्य सामना प्रणालीनं जवळजवळ एकटीनं ओढून काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला तो आकांक्षाचा, केस बांधतानाचा. मथळा होता, 'कबड्डीच्या मैदानातली चाफेकळी'. प्रणालीचं नाव शेवटच्या ओळीत, तेही चुकीचं छापलेलं. गावात वडिलांनी पेपर विकत घेतला होता. त्यांचा फोन आला.

"तू खेळली नाही का वं काल?"

प्रणालीनं रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. त्या दिवशी ती पहिल्यांदा वेगळ्या ताटात जेवली.

पुढं एक यूट्यूब चॅनलवाला सरावाला आला. त्यानं आकांक्षाला विचारलं, उन्हात खेळूनही रंग कसा टिकवता, कोणती क्रीम लावता, लग्नाचं काय ठरलं. आकांक्षानं टाळायला म्हणून एका क्रीमचं नाव सांगितलं. प्रणाली शेजारीच उभी होती, आपल्यालाही काही विचारतील म्हणून घाम पुसून, तोंडावर पाणी मारून आलेली. माणूस नम्रपणे म्हणाला, "ताई, थोड्या बाजूले होता का? फ्रेममध्ये येऊन राहिल्या."

ती बाजूला झाली. संध्याकाळी बाजारात जाऊन तीच क्रीम घेऊन आली आणि बॅगेच्या तळाशी, मोज्यांच्या खाली लपवली. आकांक्षा आंघोळीला गेली की लावायची. तोंडावर पुरळ उठलं, तरी लावत राहिली. आकांक्षा झोपेत कुशीवर वळली तरी आता तिला राग यायचा. या पोरीच्या नशिबात सगळं आयतं, असं तिच्या मनात दिवसभर चालायचं.

अंतिम सामना महिनाभरानं अकोल्यात होता. शेवटची चढाई, बरोबरीचे गुण. समोरची चढाईपटू आत घुसली आणि आकांक्षानं तिचा घोटा धरला. तिच्या शेजारी प्रणाली. घोटा धरला गेला की प्रणालीनं लगेच कमरेला मिठी घालायची, हे सरावात अंगवळणी पडलेलं. पण कडेला कॅमेरे होते, ते आकांक्षाकडं वळलेले तिला दिसले, आणि तिचे पाय क्षणभर थांबले. जाणूनबुजून. सुटण्याच्या धडपडीत त्या चढाईपटूची टाच आकांक्षाच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी तिनं घोटा सोडला नाही. मग प्रणाली त्या चढाईपटूच्या अंगावर जाऊन पडली. संघ जिंकला.

बातमी आली, 'चाफेकळीच्या चेहऱ्याला नजर लागली'. पकडीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. दवाखान्यात आकांक्षा डोक्याला पट्टी बांधून बसली होती. तिनं सांगितलं, पेपरवाले येऊन डाग राहील का एवढंच विचारून गेले. आईनं तर फोनवर खेळच बंद करायला सांगितला होता. आता स्थळं कशी येतील म्हणून आई रडत होती.

"तू उशिरा आली," आकांक्षा मग म्हणाली. "म्या पाह्यलं."

माफी प्रणालीच्या तोंडून निघाली नाही. त्याहून वाईट म्हणजे, त्या पट्टीचाही तिला हेवा वाटत होता.

आकांक्षा घरी गेली, ती परत खेळायला आली नाही. तिचं लग्न अकोटला झालं. प्रणालीला पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. ती गेली नाही.

प्रणाली आता बार्शीटाकळीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. यंदा तिच्या मुली तालुक्यात पहिल्या आल्या, तेव्हा पेपरचा माणूस फोटोला आला. त्यानं शालू नावाच्या गोऱ्या, नाकेल्या पोरीला मधोमध उभं केलं. प्रणालीच्या डोक्यात जुनी तिडीक उठली. तिनं शालूला दंड धरून मागच्या रांगेत ढकललं, मागं उभ्या असलेल्या अलीझाला पुढं आणलं आणि त्या माणसाला सुनावलं, "इथं चेहरे पाहून फोटो काढाचे नाही. जिनं खेळ केला थे पुढं."

अलीझा हळूच म्हणाली, "मॅडम, सबसे ज्यादा पॉइंट तो शालू के है."

खरंच होतं. प्रणालीनंच गुण मोजले होते. शालू मागं दंड चोळत उभी होती. तिच्याकडं बघताना प्रणालीला कळलं, की आज त्या माणसापेक्षा आपणच तिचा चेहरा जास्त पाहिला. तिनं शालूला हात धरून पुढं आणलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चुकलं माहं."

मग पेपरवाल्याच्या वहीत तिनं स्वतः बोलून एकेका मुलीचा खेळ लिहवून घेतला. शालूच्या रंगाबद्दल तिला अजूनही कसंसंच होत होतं. पण शालूच्या चढाया सांगताना तिनं एकही गाळली नाही.